लाल पट्टीचा कप

आमच्या ह्यांच्या नाकाला पगार मिळतो. थट्टा नाही करत. हे डेअरीत दूध तपासतात. गाडीतून कॅन उतरले की झाकण उचलायचं, नाक आत घालायचं आणि एका शब्दात निकाल द्यायचा, पास नाहीतर नापास. नंतर मशीन असतं, काचेच्या नळ्या असतात, सगळं असतं. पण पहिला मान नाकाचा. जो कॅन नापास होतो त्याच्या कडीला हे लाल पट्टी बांधतात आणि तो कॅन एकटा भिंतीशी उभा राहतो. त्याला कुणी हात लावायचा नाही. डेअरीतले लोक ह्यांना पाठीमागे ‘लाल पट्टी’च म्हणतात. ह्यांना ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतंही.

मी घरी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश. माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं ह्यांचं मत आहे. असू दे. ह्यांच्यासारख्या माणसाशी संसार करायचा तर बाईला काहीतरी चालवावंच लागतं.

तर झालं असं की उन्हाळ्यात एका गोठ्यावरचं दूध सारखं बिघडायला लागलं, म्हणून हे स्वतः बघायला गेले. गोठ्यामागे गुडघाभर गवत आणि त्याच्या पलीकडे झाडी. ह्यांनी ते सगळं पायाखाली घातलं आणि घरी येताना मांडीला चिकटलेला एक गोचीड घेऊन आले. तिळाएवढा होता मेला. मी चिमट्याने धरून सरळ उपटला, जागा धुतली, आणि आम्ही दोघंही विसरून गेलो.

आठवडाभराने तिथे लाल चट्टा उठला. साधासुधा नाही. मधे लाल, मग फिका, मग बाहेरून पुन्हा लाल कडं, बशी ठेवून खडूने आखावं तसं. मी टेप लावून मापला. दोन दिवसांनी परत मापला तर वाढलेला. म्हटलं, डॉक्टरकडे चला. हे म्हणाले, डोळ्यांवर काय विसंबायचं, तपासणीवर विसंबावं. डेअरीच्या भिंतीवर गोचिडांचं एक चित्र लावलेलं आहे, त्याखाली लिहिलंय की काही गोचीड चावले की लाइम नावाचा आजार होतो. तेवढं वाचून हे परस्पर लॅबमध्ये गेले, दंड पुढे केला, आणि संध्याकाळी विजयी वीरासारखे परत आले. निगेटिव्ह. माझ्यापुढे कागद नाचवला आणि म्हणाले, “बघ, पास.”

चट्टा पुढे आपोआप गेला. माझं मात्र मन खात होतं. पण ज्या माणसाला बायकोपेक्षा कागद खरा वाटतो त्याच्याशी किती डोकं फोडायचं?

थंडी पडली आणि एके दिवशी सकाळी ह्यांचा उजवा गुडघा सुजला. सुजला म्हणजे किती, तर विजारीत मावेना. मी शिवलेल्या उशा ह्याहून चपट्या असतात. दुखत फारसं नव्हतं, पण वाकवता येत नव्हता, म्हणून खुर्चीत बसले की पाय पुढे बंदुकीसारखा. आता मी काही विचारलंच नाही. रिक्षा बोलावली आणि डॉक्टरीणबाईंकडे नेऊन उभं केलं.

ह्या डॉक्टरीणबाईंची एक सवय आहे. तपासायच्या पलंगावर जो कागद पसरलेला असतो, त्यावरच पेनाने चित्रं काढून त्या समजावतात, आणि मग तो तुकडा फाडून आपल्या हातात देतात. त्यांनी विचारलं, आधी कधी चट्टा उठला होता का? हे छताकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं, टेपच्या मापासकट. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ह्यांना म्हणाल्या, “तुमच्या बायकोची टेप बरोबर होती. इतक्या लवकर ही तपासणी बहुतेक वेळा कोरीच येते. असा चट्टा दिसला की रक्ताची वाट बघायची नसते, गोळ्या सुरू करायच्या असतात.”

त्या वाक्यावर माझा पुढचा आठवडा मजेत गेला. ह्यांच्यासमोरून जाताना मी मुद्दाम टेप गळ्यात घालून जायची.

मग रक्त पुन्हा गेलं, ह्या वेळी रीतसर. ही तपासणी दोन पायऱ्यांची असते असं बाईंनी सांगितलं. पहिली ढोबळ असते, शंका घेणारी. तिने हो म्हटलं तरच दुसरी करतात, आणि दुसरीत रेघा उमटतात. ह्यांच्या बाबतीत दहापैकी पाच उमटल्या की हो समजायचं. ह्यांच्या सात उमटल्या. बिचारे इतके खट्टू झाले की मलाच कसंतरी वाटलं. बाई म्हणाल्या, घाबरू नका, गुडघ्यात शिरलेला हा आजार गोळ्यांनी बरा होतो. महिनाभर गोळ्या घ्या. हृदयाला किंवा मेंदूला धक्का असता तर शिरेतून औषध द्यायचा विचार केला असता, तसं काही नाही. गोळ्या संपूनही सूज राहिलीच तर पुढचं पुढे बघू. आणि जाताजाता त्यांनी ठासून सांगितलं की आता परत रक्त तपासायचं नाही, त्या गुडघा बघून ठरवतील. ह्यांनी मान डोलावली. ह्यांच्या मान डोलावण्याचा काय भाव आहे ते मला विचारा.

गोळीची पण गंमत झाली. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, आणि दूध लांब ठेवायचं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. जन्मभर दुधात नाक घालून बसलेल्या माणसाला दूध लांब ठेवा म्हणायचं! पहिल्याच दिवशी ह्यांनी सवयीने दुधाचा पेला उचलला आणि मी वरच्यावर काढून घेतला. तेव्हापासून गोळीच्या वेळी हे माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच जंतू.

पण गुण आला. महिना संपता संपता गुडघा उतरला, विजार परत चढली, आणि आणखी काही दिवसांनी हे स्टुलावर चढून माळ्यावरचा पाळणा काढताना मला सापडले. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. कारण पाळणा कशासाठी ते मला माहीत होतं.

आमच्या लेकीला मुलगी झाली होती. लेक राहते लांब. बाळ जन्मलं तेव्हा ह्यांचा पाय बंदुकीसारखा, म्हणून मी एकटी जाऊन आले. ह्यांनी नातीला पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. रोज पडद्याला नाक लावायचे आणि म्हणायचे, वास काही येत नाही. आता लेक बाळाला घेऊन राहायला येणार होती. ह्यांनी पाळण्याला पॉलिश केलं, वास राहू नये म्हणून गॅलरीत वाळवला, पुन्हा पुन्हा हुंगला. नात हातात घ्यायची, एवढा एकच विचार ह्यांच्या डोक्यात होता.

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. डेअरीची रीत अशी की टाकी धुतली तरी लगेच दूध ओतत नाहीत. आधी टाकी पुसून नमुना घ्यायचा, तो तपासायचा, आणि काही नाही असं आलं तरच टाकी मोकळी. जोवर ‘आहे’ येतंय तोवर धूत राहायचं. ह्यांनी विचार केला, आपणही धुतलेली टाकी. घरात बाळ येतंय, एकदा नमुना नको का बघायला? मला न सांगता, डॉक्टरीणबाईंना न सांगता, लॅबमध्ये जाऊन दंड पुढे करून आले.

निकाल आला. पॉझिटिव्ह. रेघा सातच्या आठ झालेल्या.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात आले तर ह्यांचा कप वेगळा ठेवलेला आणि त्याच्या कानाला लाल पट्टी बांधलेली. ताटाखाली लाल पट्टी. पाठीमागच्या खोलीत अंथरूण गेलेलं, दाराच्या कडीला लाल पट्टी. मी म्हटलं, हे काय नाटक? ह्यांनी कागद पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, “लॉट नापास आहे. बाळ येईल तेव्हा मला बाजूला ठेव.”

मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग ह्यांचा चेहरा बघितला तेव्हा दोन्ही गेलं. इतक्या वर्षांत ह्यांनी कितीतरी कॅन भिंतीशी उभे केले असतील, स्वतः उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

लेक आली. दारात आनंदीआनंद, आणि हे पार मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर, तोंडाला रुमाल लावून. लेकीने बाळ पुढे केलं तर दोन पावलं मागे. तिने विचारलं, बाबा, हे एकापासून दुसऱ्याला होतं असं तुम्हाला सांगितलं कुणी? हे म्हणाले, सांगायचं काय, पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. तिने फोनवर शोधलं. फोनने तिला शंभर गोष्टी सांगितल्या, त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या विरुद्ध. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंकडे चला. तर नाही. बाईंनी बजावूनही परत रक्त दिलं, आता कोणत्या तोंडाने जायचं? त्यापेक्षा लॅबच्या रांगेत भेटलेल्या एका गृहस्थाने सांगितलं होतं की गोळ्यांनी काही होत नसतं, काही महिने शिरेतून औषध घ्यावं लागतं, ते सुरू करतो म्हणाले. त्या गृहस्थाचं रक्त कशासाठी तपासत होते हे विचारलं तर म्हणे, साखर.

कपाळाला हात लावला मी.

मग घरात एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. बाळ पाळण्यात, आणि हे उंबऱ्याच्या पलीकडे स्टूल टाकून बसलेले. माझी कापड मापायची लांब लाकडी पट्टी घेतली, तिच्या टोकाला दोन चमचे बांधले, आणि लांबूनच ते पाळण्यावर वाजवायचे. तोंडाने बोलणं चालू. काय बोलायचे? दुसरं येतंय काय ह्यांना? आज कुठली गाडी उशिरा आली, कुठल्या दुधाला आंबूस वास होता, कुणाचा कॅन परत पाठवला. तीन महिन्यांची पोर टक लावून ऐकायची. मधेच हुंकार द्यायची. हा हुंकार आला की हे रुमालाआड हसायचे आणि लगेच स्टूल आणखी मागे सरकवायचे. लेक एकदा ते बघून माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसली आणि रडली. मी तिला रडू दिलं, आणि फोन उचलला.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. कप, ताट, पट्ट्या, साखरवाले गृहस्थ, काही बाकी ठेवलं नाही. पलीकडून नुसता फुसफुस आवाज आला. मला वाटलं बाई रागावल्या. मग लक्षात आलं की हसू आवरतायत. म्हणाल्या, उद्या घेऊन या. आणि बाळालाही आणा.

ह्यांना न्यायला काय काय करावं लागलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की मी कात्री हातात घेऊन म्हटलं, डॉक्टरकडे येताय की तुमच्या सगळ्या विजारींच्या अर्ध्या चड्ड्या करू? आले.

दवाखान्यात आम्ही तिघी एका बाकावर आणि हे समोरच्या भिंतीशी, एकटे, खुर्चीवरही न बसता. अगदी डेअरीतल्यासारखे. आत गेल्यावर बाईंनी आधी कागदाकडे बघितलंच नाही. ह्यांना पलंगावर बसवून गुडघा वाकवला, दाबला, दोन्ही गुडघ्यांना टेप लावली. हो, टेप लावली. मी लेकीला कोपराने ढोसलं. सूज नाही. ताप, थकवा, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, काही आहे का विचारलं. काही नाही. मग त्यांनी पलंगाच्या कागदावर एक घर काढलं, आणि घरापुढे काठी घेतलेली माणसं.

त्या म्हणाल्या, हे तुमचं शरीर. घरात चोर शिरला. शरीराने राखणदार उभे केले, पण उभे करायला वेळ लागला, म्हणून तुमची पहिली तपासणी कोरी आली. मग गोळ्यांनी चोर संपवला. बाईंनी घरातल्या चोरावर फुली मारली. आणि म्हणाल्या, “आता सांगा, चोर गेला म्हणून राखणदार लगेच घरी जातात का? ही तपासणी चोर शोधतच नाही. राखणदार मोजते. ते महिनोन्महिने राहतात, काहींचे कितीतरी वर्षं राहतात. आठ काय, दहा रेघा आल्या असत्या तरी मी तुम्हाला एक गोळी जास्त दिली नसती.”

हे चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, पण टाकी धुतल्यावर नमुना... बाईंनी मधेच तोडलं. टाकीला आठवण नसते, म्हणाल्या, माणसाच्या रक्ताला असते. म्हणून टाकीचा नमुना बघायचा आणि माणसाचा गुडघा बघायचा. शिरेतून महिनोन्महिने औषध घेण्याचं ऐकून मात्र त्या गंभीर झाल्या. गरज नसताना ते घेतलं तर फायदा काही होत नाही, उलट पोट बिघडतं, शिरेत नवेच जंतू शिरतात, लोक त्यानेच आजारी पडतात. तुम्ही बरे झालेले आहात, त्यांनी सांगितलं. परत गवतात गेलात तर विजार मोज्यांत खोचा आणि घरी आलात की अंग तपासून घ्या. संपलं.

संपलं नव्हतं. ह्यांनी खाली बघत विचारलं, आणि आवाज इतका बारीक की मी तो कधी ऐकला नव्हता:

“म्हणजे बाळाला घेतलं तर चालेल?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना बहुतेक तोवर वाटत होतं की ही सगळी गंमत आहे. त्या म्हणाल्या, “अहो, हा आजार माणसाकडून माणसाला होतच नाही. गुडघा सुजलेला होता तेव्हासुद्धा चाललं असतं.”

ह्यांनी आमच्याकडे पाहिलं. पण उठले नाहीत. इतके दिवस ‘घेऊ नको, घेऊ नको’ असं स्वतःला बजावून झालं होतं की हात पुढेच येईनात. त्यात बाळाने भोकाड पसरलं. नवीन जागा, नवीन वास, बाईंचा पांढरा कोट. लेकीने खांद्यावर घेतलं, मी थोपटलं, बाईंनी किल्ल्या वाजवल्या. छे. पोर लालबुंद.

तेव्हा तोंडावरचा रुमाल काढून पलंगावरून हे हळूच बोलायला लागले. काय बोलणार? म्हणाले, आज सकाळची गाडी वेळेवर आली बरं का. सगळे कॅन चांगले निघाले. एकाला जरा कडवट वास होता, पण मी म्हटलं, बघू, दुपारी बघू.

रडणं थांबलं. पोरीने लेकीच्या खांद्यावरून मान वळवली, इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आणि ह्यांच्यावर नजर लावून ओलं तोंड उघडून हसली. रुमालाशिवायचा चेहरा तिने कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता, उंबऱ्यापलीकडून रोज ऐकलेला. लेकीने पुढे होऊन तिला सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवलं, त्याच मांडीवर जिथे तो चट्टा होता.

मी रडले. सांगायला लाज कसली? बाईंनी पण चष्मा पुसला आणि चित्राचा तुकडा फाडून बाळाच्या दुपट्यात खोचला.

ह्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं. मान हळूहळू खाली गेली. ज्या नाकाला पगार मिळतो ते नाक नातीच्या टाळूवर टेकलं आणि तिथेच राहिलं. बाहेरून पुढच्या पेशंटने दार ठोठावलं. लेक म्हणाली, बाबा, उठायचं ना? मी तरी किती वेळ गप्प बसणार?

“काय मग?” मी विचारलं. “पास की नापास?”

डोळे न उघडता हे म्हणाले, “थांब गं. अजून तपासतोय.”